आधी मुदत मोजायला शीक

चि. प्रज्ञास,
अनेक आशीर्वाद.

हायकोर्टाच्या खंडपीठातल्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात लागलीस, आता कोणता कोर्स लावू, असं विचारलंस. माझं मत विचारशील तर कोर्स सहा महिने राहू दे. आधी मुदत मोजायला शीक. टायपिंगची चूक दुरुस्त होते, पण मुदत गेली की पक्षकाराचा मावेजा, म्हणजे भरपाई, अडकतो.

निकालाची नक्कल आली की तिच्यावरचा शिक्का वाच. त्यात नकलेचा अर्ज कधी दिला, नक्कल तयार कधी झाली आणि नेली कधी, अशा तारखा असतात. समज, हुकूमनामा (निकालाचा अंतिम आदेश) 1 मार्चचा, अर्ज 11 मार्चचा, नक्कल 5 एप्रिलला तयार झाली आणि पक्षकारानं ती 20 एप्रिलला नेली. हायकोर्टातल्या पहिल्या अपिलाला 90 दिवस. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस या मोजणीतून वजा होतात, म्हणजे 11 मार्च ते 5 एप्रिल हे 26 दिवसच, म्हणजे शेवटचा दिवस 25 जून. नवखी पोरं 20 एप्रिलपर्यंतचे दिवस धरतात आणि 10 जुलै लिहून मोकळी होतात. मग पंधरा दिवसांसाठी विलंबमाफीचा अर्ज आला, एकेका दिवसाचं कारण देणं आलं. निकालानंतर अर्ज द्यायला लावलेले दिवसही वजा होत नाहीत, म्हणून नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाकायचा.

दुसरं, इलेक्ट्रॉनिक पुरावा. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. अशा पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचं, त्याचा भाग ‘अ’ पक्षकाराचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू लागते, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा; फाइल जराही बदलली की तो बदलतो. पक्षकार व्हिडिओ व्हॉट्सॅपवर पाठवतो, तिथं तो दाबून लहान होतो आणि हॅश बदलते. म्हणून फोनच मागवायचा, मूळ फाइलची हॅश आधी काढायची, नंतर प्रत करायची.

आपल्या जालन्याचा खोतकर–गोरंट्याल निवडणूक खटला नीट वाच. उमेदवारी अर्ज वेळेत आला का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या व्हिडिओवर आला होता. प्रमाणपत्र मागूनही मिळालं नव्हतं. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूळ उपकरण हजर केलं नाही तर प्रमाणपत्र लागतंच. पण मागणाऱ्यानं होतं तेवढं सगळं केलं असेल तर त्याला सूट मिळते. ते सगळं केलं हे दाखवतो पोच घेतलेला अर्ज. तो जपून ठेवणं तुझं काम.

ई-फायलिंगला पीडीएफ शोधता येईल अशी करायची, पानांचे नंबर अनुक्रमणिकेशी जुळवायचे. ऑब्जेक्शन बहुतेक इथंच निघतात. सातबारा, फेरफाराचं इंग्रजी भाषांतर करताना गट नंबर आणि क्षेत्र मूळ कागदावर बोट ठेवून तपास. जुन्या अक्षरात १ आणि ९ सारखेच दिसतात, आणि एका आकड्यानं जमीन शेजाऱ्याची होते.

हे हातात बसलं की वाट निवड. कोर्टात उभं राहायचं असेल तर तीन वर्षांचं एलएलबी करावंच लागेल. नसेल, तर मला तुझ्यासाठी मोडी आणि उर्दू वाचनाची वाट जास्त पटते. मराठवाड्यात जमिनीचा वाद मागे मागे जात निजामकाळातल्या कागदाला टेकतो, आणि तो वाचणारं माणूस प्रत्येक ऑफिसाला लागतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याला देता येतील का, वकीलसाहेबांना विचारून कळव.

तुझे,
बाबा