पोटगी आणि भेटी यांची गाठ बांधू न देणाऱ्या वकीलबाईंना

आदरणीय वकीलबाईंस,
सादर नमस्कार.

माझी व मुलीची पोटगी, मुलीचा ताबा आणि वडिलांच्या भेटी यांबद्दलच्या तडजोडीच्या अटींवर न्यायालयाचा आदेश झाला त्या दिवशी आपल्या पुढच्या पक्षकाराची हाक झाली होती, त्यामुळे आपले आभार मानायचे राहून गेले. हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे आणि त्याला आपली संमती घेतली आहे; आपल्या इच्छेप्रमाणे आपले नाव मात्र लिहीत नाही. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडणे या तालुक्यांत ज्यांचे नवरे बोटीवर कामाला आहेत अशा अनेक जणी माझ्यासारख्याच पेचात सापडतात. आपण माझ्यासाठी काय केले हे त्यांनाही कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पहिल्या भेटीत वकीलपत्रावर सही घेण्याआधीच आपण मला सांगितलेत की 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो आणि त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. स्वतःच्या फीचे बोलणे निघण्याआधी ही माहिती देणाऱ्या व्यक्तीवर विश्वास ठेवायला मला वेळ लागला नाही.

माझे बरेच नातेवाईक सावंतवाडीकडचे असल्यामुळे मला हिंदू विवाह कायद्याचे भरपूर सल्ले मिळाले होते. गोव्यात मात्र 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि 1910 चे विवाह व घटस्फोटाचे कायदे मुक्तीनंतरही चालू राहिले, हे आपण मला शांतपणे समजावून सांगितलेत. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो आणि स्थावर मालमत्ता विकायला दोघांची संमती लागते, हेही मला तेव्हाच नीट कळले. ‘फ्लॅटवरचा हक्क सोडून दे, मग मुलगी तुझ्याकडे राहू देऊ’ असा निरोप मध्यस्थांकरवी माझ्यापर्यंत आला होता. त्यावर आपण म्हणालात, “फ्लॅटचा वाटा तुमचा आहे, पोटगी मुलीची आहे आणि वडिलांची भेट हाही मुलीचाच हक्क आहे. यातले काहीही दुसऱ्याच्या बदल्यात द्यायचे नाही आणि मागायचेही नाही.” हे प्रकरण शेवटपर्यंत त्याच वाक्याच्या आधाराने चालले, असे मला वाटते.

पोटगीची अडचण नवऱ्याच्या बोटीवरच्या नोकरीमुळे अधिक बिकट झाली होती. कंत्राट सुरू असेपर्यंत डॉलरमध्ये पगार आणि कंत्राट संपून घरी आल्यावर काहीच नाही, त्यामुळे ‘तो सध्या घरी बसून आहे, देणार कुठून’ हे उत्तर समोरच्या बाजूकडे नेहमीच तयार असे. सर्वोच्च न्यायालयाच्या रजनीश विरुद्ध नेहा या 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालाचा आधार घेऊन आपण दोन्ही बाजूंची उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांची प्रतिज्ञापत्रे दाखल करून घेतलीत. त्याआधी एका संध्याकाळी आपण आडव्या कागदावर बारा महिन्यांचे रकाने आखलेत, बँकेच्या उताऱ्यांवरून कोणत्या महिन्यात किती रक्कम जमा झाली ते पेन्सिलीने भरलेत, रिकाम्या महिन्यांत शून्य लिहिलेत आणि बेरजेला बाराने भागलेत. ती सरासरी पाहिल्यावर त्याच्या घरी बसण्याचा मुद्दा पुन्हा कोणी काढला नाही. माझ्या शिकवण्यांचे पैसेही त्याच काटेकोरपणे माझ्या प्रतिज्ञापत्रात लिहायला लावलेत, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली पोटगीचा अर्ज केला, तेव्हा नोटीस कशी बजावायची हा मोठा प्रश्न होता, कारण समुद्रात असलेल्या माणसाला गाठणे सोपे नसते. तो रजेवर गावी आला असतानाच नोटीस हाती पडेल अशी वेळ आपण साधलीत. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत अंतरिम पोटगीचा निर्णय व्हावा अशी कायद्याची अपेक्षा आहे, हे न्यायालयासमोर मांडून आपण त्याची रजा संपण्याआधी अंतरिम आदेश मिळवलात. वर्षभराची शाळेची फी त्यामुळेच वेळेवर भरता आली.

मुलीच्या ताब्याचा विषय दिवाणी न्यायालयात होता आणि तिथे आपण काय लिहिले नाही याचे मोल मला जास्त वाटते. संसारातली भांडणे, सासरच्या माणसांचे बोलणे, रागात आलेले मेसेज हे सगळे अर्जात घालावे असा माझ्या घरच्यांचा आग्रह होता. आपण प्रत्येक कागद वाचलात आणि मुलीच्या राहण्याशी, शाळेशी, तब्येतीशी ज्याचा संबंध होता तेवढेच ठेवलेत. मोठी झाल्यावर ही फाईल ती स्वतः वाचू शकते, एवढेच कारण आपण दिलेत. न्यायाधीश तिच्याशी त्यांच्या दालनात बोलणार हे ठरले, तेव्हा तिला काहीही पढवू नका, अशी ताकीदही आपण मला दिलीत. आदल्या रात्री तिने ‘आई, मी काय सांगू?’ असे विचारले आणि तुला जे वाटते ते सांग, एवढेच मी तिला म्हणाले. ती आत काय बोलली ते मी आजपर्यंत विचारलेले नाही.

भेटींच्या अटी लिहिताना तर आपण गोव्यातले घर किती जवळून ओळखता हे मला दिसले. महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार ही नेहमीची पद्धत बोटीवरच्या वडिलांना उपयोगाची नव्हती. तो समुद्रात असेल तेव्हा आठवड्यातून ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, बोटीवर इंटरनेट मिळाले नाही तर दुसऱ्या दिवशी पर्यायी वेळ, तो रजेवर असेल तेव्हा शनिवार-रविवार त्याच्याकडे, आणि रजेची तारीख कळताच त्याने मला लेखी कळवायचे, अशी मांडणी आपण केलीत. मग पेन खाली ठेवून आपण विचारलेत, “चवथ (गणेश चतुर्थी) ती कुठे करते?” दरवर्षी ती पेडण्याला, वडिलांच्या मूळ घरी, आजोबांबरोबर माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, कांगण्या (रानफळे) नि सुपाऱ्यांचे घोस बांधते, असे मी सांगितले. तयेपासून, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवसापासून, चवथीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती त्या घरी राहील, वडील गोव्यात असोत की नसोत, ही अट आपण तिथल्या तिथे लिहिलीत. आजी-आजोबांचे नातीशी असलेले नाते त्यांच्या मुलाच्या कंत्राटावर अवलंबून ठेवता येत नाही, असे आपण म्हणालात. मध्यस्थीच्या खोलीत ही अट वाचली गेली आणि समोरच्या बाजूची बोलण्याची पद्धतच बदलली. बाकीच्या अटी, म्हणजे पासपोर्ट कोणाकडे राहील, परदेशी नेण्यासाठी दुसऱ्याची लेखी संमती, पोटगीतली वार्षिक वाढ, या त्यानंतर फारशी ओढाताण न होता ठरल्या.

मधल्या काळात पोटगी थकली होती, तेव्हा पैसे येईपर्यंत मुलीला भेटू देऊ नकोस, असे मला अनेकांनी सांगितले. आपण ते होऊ दिले नाही. थकबाकीच्या वसुलीसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, तो आपण केलात आणि त्याच आठवड्यात मुलीचा ठरलेला कॉलही वेळेवर झाला. आज पैसे नियमित येतात आणि मुलगी वडिलांविषयी माझ्यासमोर मोकळेपणाने बोलते. यातल्या दुसऱ्या गोष्टीसाठी मी आपली अधिक ऋणी आहे.

आपल्या कनिष्ठ सहकारी मुलीने प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी फोन करून कोणती कागदपत्रे आणायची ते सांगितले आणि आपल्या कारकुनांनी माझी फाईल इतकी नीट लावली की कोणताही कागद मागितला की लगेच हाती येई. त्या दोघांनाही माझे धन्यवाद कळवावेत. आदेशाच्या प्रमाणित प्रतीची एक झेरॉक्स आपण सांगितल्याप्रमाणे शाळेत दिली आहे आणि मुख्याध्यापिकांनी आई व वडील अशा दोघांचेही फोन नंबर नोंदवून घेतले आहेत.

आपली कृतज्ञ,
डिचोली तालुक्यातील एक आई