टाइल्सचा मिस्त्री येण्याआधीचा दिवस

नाशिक, शनिवार

प्रिय सुलभा,

पत्र मिळालं. शुक्रवारी दळण, भाजी, सासूबाईंची औषधं आणि शनिवारी सकाळी मिस्त्री, यात ओटा कधी रिकामा करू, असं विचारतेस. ओटा संध्याकाळीही रिकामा होईल गं. नळ, वीज आणि गॅसचा निकाल मात्र भिंतीला छन्नी लागण्याआधी लावच. मागाहून एक बोर्ड वीतभर सरकवायचा म्हटलं, तरी नवी टाइल फोडावी लागते.

दळण गिरणीत टाकून सकाळीच हार्डवेअरच्या दुकानात जा. तुमच्या पेठेत दुपारी एक ते चार शटर खाली असतं. दळण दोन-तीन किलोच टाक, कारण टाइल फोडताना उडणारी धूळ झाकणाच्या फटीतूनही पिठात जाते.

तुझी ओट्यामागची भिंत 10 फूट आणि बाजूची 2 फूट. दोन फूट उंची धरली तर 24 चौरस फूट होतात. तोडीचे 10 टक्के धरून साडेसव्वीस. एक बाय दोन फुटी पाच टाइल्सच्या खोक्यात जेमतेम 10 चौरस फूट निघतात, म्हणून तीन खोकी घे. तिन्हींवरचा बॅच आणि शेड नंबर दुकानातच जुळवून बघ. नंबर वेगळा असला तर रंगातला फरक भिंतीवर लागल्यावरच डोळ्यांत भरतो. उरतील त्या टाइल्स परत देऊ नकोस, पुढे कधी पाइप गळला तर त्याच कामी येतील.

टाइल अ‍ॅडहेसिव्हची 20 किलोची बॅग 3 मिलिमीटर थराने साधारण 45 चौरस फुटांना पुरते, तेव्हा तुला एकच पुरे. अ‍ॅडहेसिव्ह वापरणार असाल तर टाइल्स पाण्यात भिजवायच्या नाहीत; ते सिमेंटवर लावायच्या सिरॅमिक टाइल्सचं काम. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालू देऊ नकोस, पकड जाते. शेगडीमागे टाइल्सच्या सांध्यांत भरायचं ग्राउट इपॉक्सीचंच घे. साधं सिमेंटचं ग्राउट हळद आणि तेल शोषून घेतं आणि सांधे कायमचे पिवळे पडतात. इपॉक्सी लगेच ओल्या स्पंजने पुसावं लागतं, वाळलं की टाइलवरून निघत नाही.

मिस्त्री जुन्यावरच नवी टाइल लावू म्हणेल. जुनी सगळी भिंत ठणठणीत वाजली तर तेही चालतं, पण भिंत जाड होते, नळ पुढे आणायला एक्स्टेन्शन निपल, म्हणजे पाइपचे छोटे तुकडे, लावावे लागतात आणि बोर्ड आत बुडतात. तुझ्या सिंकमागच्या टाइल्स पोकळ वाजतात, म्हणून मी तरी सगळ्या काढायलाच सांगेन.

दुपारी इलेक्ट्रिशियन आला की मिक्सर, वॉटर प्युरिफायर आणि इंडक्शनच्या जागा भिंतीवर पेन्सिलने आखून घे. इंडक्शनला 16 अँपिअरचा सॉकेट लागेल. सिंकच्या वर किंवा शेगडीच्या अगदी शेजारी पॉइंट घेऊ नकोस.

मग प्लंबर. सिंकचा वेस्ट पाइप काढला की भिंतीतलं तोंड आणि खालची जाळी कापडाचा बोळा कोंबून वरून प्लास्टिकने बांधून टाक. ही गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते. सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं, त्यामुळे ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी साठून राहतं त्या पाइपच्या वाकात, गेलेला माल पाणी ओतून वाहून जात नाही, तिथेच दगड होऊन बसतो.

संध्याकाळी ट्रॉल्या चॅनेलमधून काढून हॉलमध्ये ठेव. चॅनेलच्या बेअरिंगमध्ये रेती गेली की त्या अडकतात. ग्रॅनाइटवर गोणपाट आणि वर जाड पुठ्ठा अंथर, नाहीतर पडणाऱ्या तुकड्यांनी कड उडते. फ्रिज हॉलमध्ये भिंतीपासून सुटा ठेव. चालू फ्रिजवर प्लास्टिक गुंडाळू नकोस, त्याला उष्णता बाहेर टाकायला हवा लागते. चहाचं पातेलं, चिमटा, चार ताटल्या, साखर, मीठ वेगळ्या टोपलीत. दोन दिवस पोळी-भाजी केंद्रातून डबा आण, सासूबाईंचं पथ्य तेवढं आधी सांगून ठेव.

गॅस सगळ्यात शेवटी, रात्रीचा स्वयंपाक झाल्यावर. रेग्युलेटर काढ, सिलिंडरला टोपी लाव आणि तो बाल्कनीत उभाच ठेव. नारिंगी नळीवरची तारीख बघ, पाच वर्षं झाली असतील तर आत्ताच बदल.

ओटा आणि टाइल मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउटऐवजी सिलिकॉन भरायला सांग. ओटा किंचित हलला तरी ग्राउटला चीर पडते आणि पाणी मागे उतरतं. सिलिकॉनला एक पूर्ण दिवस पाणी लागू देऊ नकोस. गॅस परत जोडलास की सांध्यांना साबणाचा फेस लाव आणि बुडबुडे येत नाहीत ना, ते बघूनच शेगडी पेटव.

तुझी,
मीनल