घोषणा आणि वापर वेगळे दिसावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये व्हेरिएबलची, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाची, घोषणा आणि त्याचा पुढचा वापर बहुतेक वेळा एकाच रंगात दिसतो. ही त्रुटी किरकोळ मानली जाते, ते मला मान्य नाही.

गो या प्रोग्रामिंग भाषेत ‘:=’ हे चिन्ह नवे व्हेरिएबल घोषित करते, तर ‘=’ असलेल्याच व्हेरिएबलला नवी किंमत देते. ‘इफ’च्या किंवा लूपच्या आत चुकून ‘:=’ लिहिले गेले, तर त्याच नावाचे दुसरेच व्हेरिएबल तयार होते, बाहेरच्याची किंमत जुनीच राहते आणि आतले व्हेरिएबल कुठेतरी वापरलेले असेल तर कोड तपासून भाषांतरित करणारा कंपायलरही हरकत घेत नाही. पायथनमध्ये घोषणेसाठी वेगळा शब्दच नाही. किंमत देताना नावातले एक अक्षर चुकले, तरी ते नवे नाव म्हणून स्वीकारले जाते. शिवाय फंक्शनमध्ये शेवटच्या ओळीत जरी एखाद्या नावाला किंमत दिली, तरी ते नाव सहसा त्या संपूर्ण फंक्शनपुरते स्थानिक ठरते, म्हणजे खालची ओळ वरच्या ओळीचा अर्थ बदलते. हे नुसत्या नजरेने कसे ओळखायचे?

केवळ रेग्युलर एक्सप्रेशनवर (अक्षरांच्या ठरावीक नमुन्यांवर) रंग ठरत असत, तेव्हा एडिटरला स्कोप, म्हणजे नाव कोडच्या कोणत्या भागापुरते लागू आहे ते, कळत नव्हता, हे खरे. पण 2016 मध्ये जाहीर झालेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये (एडिटर आणि कोडचे विश्लेषण करणारा भाषेचा सर्व्हर यांच्यातील संवादाच्या नियमांमध्ये) 3.16 आवृत्तीपासून नावासोबत ‘डिक्लरेशन’ अशी खूण पाठवण्याची सोय आहे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक तयार थीम (एडिटरच्या रंगसंगती) मात्र ती खूण आली तरी वापरत नाहीत.

‘घोषणेवर जा’ ही आज्ञा असताना वेगळे रूप कशाला, असे काही जण विचारतात. ती आज्ञा द्यायला आधी शंका यावी लागते, आणि वरच्या चुकांमध्ये शंका येण्यासारखे पडद्यावर काहीच नसते. रंगांची गर्दी होईल, हा आक्षेप अधिक रास्त आहे. म्हणूनच नवा रंग न देता घोषणेचे नाव ठळक किंवा अधोरेखित करावे. रंगांधळेपणा असलेल्यांनाही ते दिसेल.

थीम तयार करणाऱ्यांनी हे रूप सेटिंगमध्ये दडवून न ठेवता मुळातच चालू ठेवावे आणि पायथनसारख्या भाषांच्या सर्व्हरनी ज्या ओळीत नाव प्रथम अस्तित्वात येते तिथे ही खूण न चुकता द्यावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक