फाळक्यांच्या पिक्चरमध्ये काय काय दडलंय, ऐक

पुणे

प्रिय वैशू,

तुझा मेसेज वाचला, लगेच फोन करणार होते पण आपलं फोनवर एकदा सुरू झालं की विषय कुठल्या कुठे जातो, म्हणून बसून सविस्तरच लिहितेय. तू म्हणालीस की चिन्मय दिवसभर ते इंग्रजी पिक्चरवाले व्हिडिओ बघतो, भिंतीवरच्या फोटोत काय दडलंय, ग्लासातलं पाणी एका शॉटमध्ये कमी आणि दुसऱ्यात जास्त कसं, आणि मग तुला विचारतो की आपल्याकडे असं काही नसतंच का. असतं गं, आणि त्यातलं कितीतरी तुमच्या नाशकातल्याच माणसाने करून ठेवलंय! पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक आहे ना, ते ज्यांचं आहे ते फाळके.

एक सांगते, चुका शोधायचे व्हिडिओ मला फारसे आवडत नाहीत. योद्ध्याच्या हातात घड्याळ दिसलं, बरं मग? पण एखादी गोष्ट पडद्यावर कशी आली, कुणी राबून आणली, हे कळलं की तोच सीन परत बघताना माझं लक्ष भलत्याच ठिकाणी जातं आणि ते मला प्रचंड आवडतं.

आता राजा हरिश्चंद्र घे. १९१३ सालचा, ३ मेला गिरगावात कोरोनेशन थेटरात लागला, एवढं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्यातली तारामती म्हणजे अण्णा साळुंके, हेही बहुतेकांना माहीत असतं. पण हे अण्णा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात कामाला होते आणि महिना दहा रुपयांवर होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि ते आले. त्याआधी फाळक्यांनी बाईसाठी जाहिराती दिल्या, वेश्यावस्तीत जाऊनसुद्धा विचारलं, कुणी तयार होईना. सिनेमात काम करतो म्हणणं इतकं कमीपणाचं होतं की फाळके आपल्या माणसांना सांगायचे, कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो म्हणा! आणि बायकांची कामं करणारे पुरुष मिशा काढायला तयार नव्हते, कारण वडील गेल्यावरच मिशी काढायची ही पद्धत, त्यांची समजूत घालत बसावं लागलं. त्या पिक्चरमध्ये तारामती आणि तिच्या सख्या पाण्यात आहेत असा सीन आहे, तो बघताना हे आठव, त्या ओल्या साड्यांमधली एकूण एक व्यक्ती पुरुष आहे आणि बिचाऱ्यांनी त्यासाठी घरच्यांची काय काय बोलणी खाल्ली असतील कोण जाणे.

पुढे १९१७ च्या लंकादहनमध्ये तर राम पण अण्णाच आणि सीता पण अण्णाच. आणि नंतर हाच माणूस कॅमेऱ्यामागे गेला, छायालेखन करायला लागला. हॉटेलातून सीता आणि सीतेतून कॅमेरामन! त्यांच्यावर कुणी अख्खा पिक्चर का काढत नाही हे मला कळत नाही.

पण मला खरं लिहायचंय ते सरस्वतीबाईंबद्दल, फाळक्यांची बायको. तेव्हा कच्ची फिल्म यायची तिला कडेची भोकं नसायची. ती भोकं आपण पाडायची, आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. म्हणजे दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा, शूटिंगला उन्हात पांढरी चादर ताणून तासन्‌तास उभं राहायचं (कलाकारांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून, आत्ता थर्माकोलचे पांढरे बोर्ड धरतात ना, तेच काम), आणि रात्री सगळं आवरलं की अंधाऱ्या खोलीत मशीनवर फिल्मला भोकं पाडत बसायचं. नुसत्या हाताच्या अंदाजाने गं. भोक जरा इकडचं तिकडे झालं की कॅमेऱ्यात फिल्म अडकणार किंवा पडद्यावर चित्र उड्या मारणार. फिल्म धुण्याची केमिकल्स पण त्या कालवायच्या. फाळक्यांनी त्यांना तारामती कर म्हणून विचारलंही होतं म्हणतात, त्या नाही म्हणाल्या, आधीच एवढी कामं अंगावर असताना आणखी हे कुठे. पिक्चरसाठी त्यांचे दागिने गेले, विम्याची पॉलिसी गहाण पडली. आणि पडद्यावर त्यांचं नखसुद्धा दिसत नाही. पण खरं सांगू का, त्या पिक्चरमधल्या कुणाच्याही चेहऱ्यावर बऱ्यापैकी उजेड दिसला की मला ती चादर आणि ती चादर धरणारे हातच आठवतात, आता ते डोक्यातून जाणारच नाही.

राजा हरिश्चंद्रची फक्त पहिली आणि शेवटची रीळ उरलीय, ती आपल्या पुण्यातल्या फिल्म अर्काइव्हमध्ये, आणि तीसुद्धा १९१३ ची आहेत का फाळक्यांनीच १९१७ ला परत काढलेल्या हरिश्चंद्राची, यावर अभ्यासकांचा वाद आहे. बघताना सुरुवातच नीट बघ, राजा मुलाला धनुष्यबाण शिकवतोय, राणी बाजूला, ते सगळं रविवर्म्याच्या चित्रासारखं मांडलंय. आणि उगाच नाही, फाळक्यांनी रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केलेलं होतं, ती चित्रं छपाईच्या दगडावर उतरवता उतरवता डोळ्यात बसली असणार. आणि तो छोटा रोहिदास म्हणजे त्यांचाच मुलगा भालचंद्र.

चिन्मयला जादूचं वेड आहे ना, मग त्याला हे सांग. फाळके आधी जादूचे प्रयोग करायचे, प्रोफेसर केळफा या नावाने. फाळके उलटं वाच! देव एकदम प्रकट होतो, माणूस गायब होतो, हे ते कसं करायचे तर कॅमेरा थांबवायचा, बाकीच्यांनी आहेत तस्से पुतळ्यासारखे उभे राहायचं, एकाने आत यायचं किंवा बाहेर जायचं, आणि परत कॅमेऱ्याचं हँडल फिरवायला सुरुवात. आता तू म्हणशील यात काय एवढं. पण मुकुट आणि दागिने घालून उन्हात हलायचं नाही, डोळ्यांवर घाम आला तरी हात वर न्यायचा नाही, कारण हात हलला की जादू उघडी पडली. अशा जुन्या पिक्चरमध्ये तो क्षण पॉज करत करत बघितला ना, तर बऱ्याचदा कुणाचं तरी उपरणं किंवा मान टिचभर सरकलेली सापडते. या असल्या चुका शोधायला मात्र मला आवडतं, कारण तिथे माणूस श्वास रोखून उभा होता हे कळतं.

पिक्चर काढायला पैसे उभे करायचे म्हणून त्यांनी आधी काय केलं माहितीये? कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला आणि रोज त्याचे थोडे थोडे फोटो घेत गेले, महिनाभर, मग सलग दाखवलं की दाण्यातून अंकुर आणि अंकुरातून वेल भराभर वाढते. त्या छोट्या फिल्मचं नाव अंकुराची वाढ. ते बघून पैसे द्यायला माणूस तयार झाला. आज मोबाईलवर ते एका बटणावर होतं, पण १९१२ मध्ये, रोज, हाताने.

आणि पडद्यामागचं दाखवणारे व्हिडिओ ही काही आत्ताची टूम नाही. १९१७ मध्ये फाळक्यांनी चित्रपट कसे तयार करतात यावर स्वतःच एक छोटी फिल्म काढली. त्यातला काही भाग टिकलाय, त्यात फाळके नटांना काम समजावताना, फिल्म तपासताना दिसतात. म्हणजे लोकांना चमत्कार दाखवला आणि मग तो कसा केला तेही दाखवून टाकलं, केवढा मोठेपणा! जादूगार सहसा असं करत नाही.

दोन वर्षांनी कालिया मर्दन आला. त्यातला कृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी, सात वर्षांची. सुरुवातीलाच ती एकटी कॅमेऱ्यासमोर येते आणि चेहऱ्यावर एकेक भाव करून दाखवते, आणि मग तीच पोर हळूहळू विरघळत कृष्णाच्या वेशात दिसायला लागते. म्हणजे आधी प्रेक्षकाला सांगितलं की ही आमची मुलगी आहे आणि मग तिला देव केलं. ही पहिली दोन-तीन मिनिटं लोक पुढे ढकलतात आणि सरळ कालियावर जातात, मला फार वाईट वाटतं, मला विचारशील तर तोच पिक्चरचा सगळ्यात सुंदर भाग आहे.

मघाच्या त्या वाटाण्याच्या बीजावरून आठवलं, ‘आधी बीज एकले’ हा अभंग कुणाचा? तुकोबांचा म्हणशील. सगळेच म्हणतात. नाही गं, तो शांताराम आठवल्यांनी प्रभात फिल्म कंपनीच्या संत तुकाराम या पिक्चरसाठी, १९३६ ला, लिहिलेला. इतका हुबेहूब जमला की लोक तो गाथेत शोधतात. गीतकाराला याहून मोठी पावती काय मिळणार, आणि याहून मोठं दुःख तरी काय, की लोक तुझं नावच विसरले.

त्याच पिक्चरमध्ये तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे. त्यांच्या चालण्याबोलण्यातला तो मऊपणा आहे ना, तो कुठून आला ते कळलं की तुकाराम आणखी आवडतो. आणि जिजाई झालेली गौरी, ती प्रभातमध्ये आधी एक्स्ट्रा म्हणून उभी राहायची! देवळात जाऊन विठोबालाच जोडा दाखवणारी ती जिजाई, अभिनय शिकलेली कुणी बाई असती तर ते तसं झालं असतं का, मला नाही वाटत. १९३७ ला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या पिक्चरचं नाव झालं तेव्हा गौरीला कुणी विचारलं असेल का कोण जाणे.

जाता जाता एक, प्रभातचाच कुंकू (१९३७) परत बघ, पण या वेळी नुसता ऐकत बघ. त्याला पार्श्वसंगीतच नाही. एकदम दुःखाच्या प्रसंगी व्हायोलिन वगैरे काही नाही, घरातले आवाज आहेत तेवढेच. आताच्या सिरियली बघून कान इतके बिघडलेत की पहिली पंधरा मिनिटं काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं, आणि मग ती म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातली शांतता अंगावर यायला लागते.

एक कर, तुझ्या सासूबाईंना विचार त्यांनी यातलं थेटरात काय काय बघितलंय, लोक पडद्याला हात जोडायचे का, आरडाओरडा करायचे का, जोडे काढून बसायचे का. त्या जे सांगतील ते त्यांच्या शब्दांतच लिहून पाठव, तुझ्या भाषेत नीटनेटकं करत बसू नकोस. भावोजींना नमस्कार सांग, आणि उन्हाळ्यात आलीस की अर्काइव्हला आपण दोघी जाऊ, आधी चौकशी करून ठेवते.

तुझीच,
मेधा