जिमखान्याची जुनी रजिस्टरं रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१५ ऑगस्ट हा आपल्या विद्यापीठाचाही वर्धापन दिन. १९९० साली याच दिवशी जळगाव-धुळ्याची महाविद्यालयं पुणे विद्यापीठातून निघाली आणि उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ उभं राहिलं. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, त्याचा वेगळा जिल्हा झाला १९९८ ला. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं, याचा आम्हा खान्देशी माणसांना अभिमान आहे. वर्धापन दिनाच्या सुमारास पहिले कुलगुरू डॉ. एन. के. ठाकरे यांची आठवण निघते, प्रशाळा आणि प्रयोगशाळांबद्दल लिहिलं जातं. माझं म्हणणं मैदानाविषयी आहे. या विद्यापीठातल्या शारीरिक शिक्षणाचा आणि क्रीडा सुविधांचा इतिहास विद्यापीठाने लिहून घ्यावा आणि त्याची सुरुवात महाविद्यालयांच्या जिमखान्यात पडून असलेल्या जुन्या दप्तरापासून करावी, एवढ्यासाठी हे पत्र.

मी खान्देशातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होतो. गावात अजूनही सगळे ‘स्पोर्टवाले सर’ म्हणूनच हाक मारतात. निवृत्तीनंतर एकदा शेजारच्या तालुक्यातल्या महाविद्यालयात बक्षीस समारंभाला गेलो होतो. तिथल्या जिमखान्याची खोली रिकामी करायचं काम चाललं होतं. दाराशी सुतळीने बांधलेल्या रजिस्टरांचे गठ्ठे पडले होते. सेवक ओळखीचा. म्हणाला, “सर, यास्नं काय करनं शे? रद्दीमा दी टाकू का?” मी तिथेच पायरीवर बसलो आणि एक गठ्ठा सोडला.

वर होतं डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे जिमखान्याच्या सामानाची नोंदवही. ज्यांनी नोकरी केली त्यांना हे रजिस्टर म्हणजे ऑडिटच्या वेळची डोकेदुखी. पण पानं उलटत गेलो तसा माझ्यासमोर पन्नास वर्षांचा जिमखाना उभा राहिला. सुरुवातीच्या पानांवर लेझीम, लाकडी डंबेल्स, मल्लखांब, मुद्गलांच्या जोड्या. मग बांबूचे भाले, उंच उडीचे बांबूचे स्टँड, कातडी फुटबॉल आणि त्यांची ब्लॅडरं. पुढे बांबूच्या भाल्यांसमोर ‘निर्लेखित’ (निकामी म्हणून नोंदीतून काढलेलं) असा शेरा आणि खाली धातूच्या भाल्यांची नोंद. उंच उडीसाठी आधी नुसती वाळू, कितीतरी वर्षांनी फोमच्या गाद्या. दर वर्षी न चुकता चुन्याच्या फक्कीची पोती. कोणत्या साली पैसा आला, कोणत्या साली आटला, कोणत्या प्राचार्यांना खेळाचं प्रेम होतं, हे सगळं त्या रकान्यांत स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या गठ्ठ्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे गुणपत्रक आणि भाग्यपत्रिका, म्हणजे कुणाचा सामना कुणाशी ते दाखवणारे तक्ते, होत्या. मुलींच्या कबड्डीच्या पत्रिकेत जुन्या वर्षांत जिकडे तिकडे एकच शेरा, ‘पुढे चाल’. म्हणजे समोरचा संघ आलाच नाही. बाहेरून बघणारा म्हणेल, यात इतिहास काय? मी म्हणतो, यातच आहे. घरून परवानगी नाही, सोबत यायला बाई शिक्षक नाही, मुक्कामाची सोय नाही, कपडे बदलायला खोली नाही. ही सगळी कारणं त्या दोन शब्दांत मावलेली आहेत. आणि मग एका वर्षी त्या पत्रिकेत मुलींच्या बारा-बारा नावांच्या याद्या दिसायला लागतात, सामन्यांचे गुण दिसायला लागतात. ते वर्ष कोणतं, त्या वर्षी त्या महाविद्यालयात नक्की काय बदललं, कोणत्या बाईंनी जबाबदारी घेतली, हे सांगणारी माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना आत्ताच विचारायला हवं.

विद्यापीठ १९९० चं असलं तरी इथल्या मैदानाचा इतिहास बराच मागे जातो. जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप ही महाविद्यालयं १९४५ ची. ती आधी मुंबई विद्यापीठात होती आणि १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झाल्यावर पुण्याकडे गेली. मी विद्यार्थी असताना आम्ही पुणे विद्यापीठाचेच. विद्यापीठाच्या खो-खो संघाची निवड चाचणी पुण्यात. चाळीसगावहून रात्रीची गाडी धरायची, जनरलच्या डब्यात दाराशी बसून मनमाड, दौंड करत सकाळी पुण्यात उतरायचं, स्टेशनवरच्या नळाखाली तोंड धुवायचं आणि सोबतची कळण्याची भाकरी ठेच्याशी खाऊन थेट मैदान गाठायचं. समोरची मुलं रोज संध्याकाळी नामांकित संघांत सराव करणारी. आमच्याकडे चपळाई होती, दम होता, पण रात्रभर न झोपलेल्या पायांनी पाठलाग करायचा म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. आमच्यातली गुणी मुलं तिथूनच परत फिरली. त्यांचं नाव कुठल्याच विद्यापीठाच्या यादीत नाही.

अमळनेरचं तर आणखी एक मोठं देणं आहे आणि ते आज आमच्याच पोरांना ठाऊक नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, हे अमळनेरला शिक्षक होते. बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी व्यायामाची तालीम घेतली होती. पुढे ते अमळनेरला खान्देश एज्युकेशन सोसायटीत आले. तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. ते महाविद्यालय १९२० च्या सुमारास इंग्रज सरकारच्या रोषामुळे बंद पडलं. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. एवढंच सहसा सांगितलं जातं. पण मुंबई इलाख्यात शाळा-महाविद्यालयांतल्या शारीरिक शिक्षणाला आकार देण्याच्या कामातही त्यांचा मोठा वाटा होता. १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था निघाली ती याच काळात. महाराष्ट्रातले आमचे कितीतरी ज्येष्ठ व्यायामशिक्षक कांदिवलीत शिकून आलेले होते. अमळनेरला वर्गात शिकवणारा माणूस पुढे प्रांताच्या शारीरिक शिक्षणाचा विचार करतो, ही गोष्ट आमच्या विद्यापीठाच्या इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात यायला नको का?

आता मैदानांविषयी. खान्देशातल्या महाविद्यालयांत खो-खो आणि कबड्डीचे संघ इतके का, ॲथलेटिक्सचे धावपटू इतक्या अडचणींतून का आले, याचं उत्तर जमिनीत आहे. आपली काळी कपाशीची माती. पावसात तिच्यात पाय घोट्यापर्यंत रुततो, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा मोसम सुरू होतो तो नेमका पावसाळ्यात. म्हणून जिथे कुणी जाणत्या माणसाने काळी माती उकरून काढली, मुरूम टाकला, पाणी मारून रोलर फिरवला आणि कडेने चर खणला, तिथली मुलं ऑगस्टपासून सराव करू शकली. बाकीच्यांनी व्हरांड्यात उठाबशा काढल्या. एका ट्रॅक्टर मुरमाचा फरक पुढे पदकांत दिसायचा.

दुसरी गोष्ट जागेची. आठ लेनचा ४०० मीटरचा प्रमाणित ट्रॅक आखायचा तर साधारण १७७ मीटर लांब आणि ९३ मीटर रुंद जागा लागते, म्हणजे चार एकर नुसत्या ट्रॅकलाच. इमारत, वसतिगृह, रस्ता धरून मोजक्या एकरांत बसलेल्या महाविद्यालयाने ती आणायची कुठून? म्हणून आम्ही २०० मीटरचा ट्रॅक आखायचो. ४०० मीटरच्या ट्रॅकवर दहा हजार मीटरच्या शर्यतीला २५ फेऱ्या होतात, आमच्या मुलाने सराव केलेला असायचा ५० फेऱ्यांचा, आणि तोही अरुंद वळणांवर. डाव्या पायाच्या नडगीचं दुखणं हे आमच्याकडच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंचं नेहमीचं. विद्यापीठ स्पर्धेत मोठ्या ट्रॅकवर उतरला की आधी त्याचा वेगाचा अंदाजच चुकायचा. उलट खो-खोला २७ बाय १६ मीटर जागा आणि दोन खुंट पुरतात, कबड्डीला १३ बाय १०. ज्याची जागा होती तो खेळ वाढला. कोणत्या महाविद्यालयाकडे कोणतं मैदान कधी झालं, हे जर नकाशावर मांडलं तर आपल्याकडून कोणत्या खेळात खेळाडू निघाले आणि कोणत्यात नाहीत याचा उलगडा आपोआप होईल.

कबड्डीबद्दल एक योगायोग मला नेहमी सांगावासा वाटतो. विद्यापीठ निघालं ऑगस्ट १९९० मध्ये, आणि त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली. भारताला त्या पूर्ण स्पर्धेत एकच सुवर्णपदक मिळालं आणि ते कबड्डीचं. त्या हिवाळ्यात आमच्या मैदानावर कबड्डीला आलेल्या मुलांची गर्दी मी विसरणार नाही. आता निवड चाचण्या खान्देशातच होणार होत्या. खान्देशाच्या एका टोकाच्या अक्कलकुव्याचा मुलगा आणि दुसऱ्या टोकाच्या मुक्ताईनगरचा मुलगा एकाच विद्यापीठाच्या बनियनमध्ये खेळणार होता. धडगाव, मोलगीकडची पावरा आणि भिल्ल समाजाची मुलं पहिल्यांदा मोठ्या संख्येने चाचणीला यायला लागली. सातपुड्याच्या चढणीवर वाढलेला दम, पण पायात बूट नाहीत. कुणीतरी स्वतःचे बूट काढून द्यायचा, माप बसलं तर ठीक, नाही तर अनवाणी. भुसावळ-सुरत मार्गावरच्या पॅसेंजर गाड्या त्या मोसमात खेळाडूंनी भरलेल्या असायच्या. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, प्रत्येक स्टेशनवर एक संघ चढायचा.

पुढे मातीची जागा मॅटने घेतली. गावात मातीवर पकड शिकलेला मुलगा मॅटवर बूट घालून उतरला की त्याचा तोल जायचा, कारण मॅट पाय धरून ठेवते. हे अंतर भरून काढायला कोणत्या महाविद्यालयांनी मॅट घेतली, कोणी दोन-तीन महाविद्यालयांत मिळून वापरली, हीसुद्धा नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. कुस्तीचंही तसंच. चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी २०१४ ते २०१६ असे सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाले. खान्देशातल्या जत्रांच्या दंगली, गावोगावच्या तालमी आणि महाविद्यालयांचा जिमखाना यांचं नातं काय होतं, हा एका प्रबंधाचा विषय आहे.

हे काम कुणी करायचं? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे विद्यापीठात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ असतं. त्या मंडळाने सर्व संलग्न महाविद्यालयांना एक परिपत्रक काढावं की जिमखान्याचं कोणतंही जुनं रजिस्टर, भाग्यपत्रिका, संघाचे फोटो विद्यापीठाला कळवल्याशिवाय निकाली काढू नयेत. निर्लेखन नियमाप्रमाणे खुशाल करावं, फक्त आधी पानांचे फोटो घ्यावेत. त्याला आज मोबाईल पुरेसा आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्र प्रकल्प (फील्ड प्रोजेक्ट) आहे, त्याचे श्रेयांक (क्रेडिट) आहेत. इतिहासाच्या आणि शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातल्या जुन्या खेळाडूंच्या, पंचांच्या मुलाखती घेतल्या तर दोन-तीन वर्षांत विद्यापीठाच्या ग्रंथालयात चांगला संग्रह होईल. मुलाखती अहिराणी, तावडी, पावरी, ज्या बोलीत होतील तशाच ठेवाव्यात.

आणि एक आग्रह. मुलाखतींच्या यादीत मैदानसेवकांना विसरू नका. पहाटे पाचला उठून फक्की मारणारा, सामन्याआधी खो-खोचे खुंट ओळंब्यात आहेत की नाही बघणारा, मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत टँकरने मैदानावर पाणी मारणारा माणूस. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचतं, कोणत्या साली मुरूम टाकला, कुंपणाची हद्द कुठे होती आणि ती कधी आत सरकली, हे त्याच्याइतकं कुणाला सांगता येणार नाही. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मैदानांच्या कडेने नवीन इमारती होतात, पार्किंग येतं, आणि जागा तोडून घेताना कुणी विचारत नाही, कारण तिथे काय होतं याचा कागदच नसतो. आता खेळालाही श्रेयांक मिळतात, तेव्हा कोणत्या महाविद्यालयाकडे किती मैदान होतं आणि आज किती उरलं, हे विद्यापीठापुढे लेखी असायला हवं.

त्या दिवशीचे गठ्ठे मी प्राचार्यांच्या परवानगीने घरी आणले. त्यांनी लगेच होकार दिला. ते आणि माझ्याकडची काही गुणपत्रकं मी विद्यापीठाला विनामूल्य द्यायला तयार आहे. तिन्ही जिल्ह्यांतल्या निवृत्त सहकाऱ्यांना, जुन्या खेळाडूंना माझी हात जोडून विनंती आहे की घरातल्या माळ्यावर, ट्रंकेत संघाचा फोटो, प्रमाणपत्र, बिल्ला, डायरी असेल तर दिवाळीच्या साफसफाईआधी बाजूला काढून ठेवा. फोटोच्या मागे खेळाडूंची नावं, गाव आणि साल पेन्सिलने लिहा. डावीकडून उजवीकडे, उभे कोण आणि बसलेले कोण, तेही.

आपला नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण संचालक,
चोपडा, जि. जळगाव