टॅम्पॉनची भीती नको, घड्याळाकडे मात्र लक्ष हवे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत मासिक पाळीविषयी अधूनमधून चांगले लेखन येते. मात्र त्यातली चर्चा बहुधा पॅडपाशी सुरू होते आणि पॅडपाशीच संपते. फोंड्यात फार्मसी चालवणारी औषधविक्रेती म्हणून मला सांगावेसे वाटते की, कळंगुट-बागा पट्ट्यातल्या पर्यटकांची वस्तू समजला जाणारा टॅम्पॉन, म्हणजे पाळीचे रक्त शोषण्यासाठी योनीत ठेवायची, दोरा लावलेली कापसाची सुरळी, आता आपल्या घरातल्या मुलीही वापरू लागल्या आहेत. पोहण्याच्या सरावाला जाणाऱ्या मुली, वेर्ण्याच्या कारखान्यांत आठ-आठ तास उभ्याने काम करणाऱ्या स्त्रिया, पावसाळ्यात ओलसर पॅडने मांड्या सोलून निघाल्यामुळे कंटाळलेल्या गृहिणी अशा सगळ्याच त्याची चौकशी करतात. कुणाला इंग्लंडमधली मावशी खोके पाठवते, तर कुणाचा बोटीवर नोकरीला असलेला नवरा येताना घेऊन येतो. त्या खोक्यात बारीक अक्षरांचे, घडी घातलेले एक पत्रक असते, पण ते इंग्रजी, पोर्तुगीज किंवा आणखी कुठल्या भाषेत असल्यामुळे न वाचताच कचऱ्यात जाते. मग दुकानातली पुरुष गिऱ्हाइके बाहेर पडेपर्यंत खोकल्याच्या गोळ्या चाळत उभी राहिलेली मुलगी पुढे येते आणि खालच्या आवाजात विचारू लागते.

या प्रश्नांत मला एक विचित्र गोष्ट जाणवते. ज्या गोष्टींची भीती बाळगण्याचे कारण नाही, त्या हमखास विचारल्या जातात. आणि जी एक गोष्ट खरोखर विचारायला हवी, ती क्वचितच कोणी विचारते. ती गोष्ट म्हणजे एक टॅम्पॉन किती तास आत ठेवायचा.

आधी नेहमीच्या शंका घेते. लग्न न झालेल्या मुलीने टॅम्पॉन वापरला तर तिचे कौमार्य जाते का, ही शंका मुलीपेक्षा तिच्या आईला अधिक छळते. योनिपटल म्हणजे योनीचे तोंड बंद करणारा पडदा नव्हे. त्याला मुळातच वाट असते, म्हणून तर पाळीचे रक्त बाहेर येते. हा भाग लवचिक असतो आणि त्याची ठेवण प्रत्येकीची वेगळी असते. त्याच्याकडे पाहून शरीरसंबंध आला की नाही हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली कौमार्य-चाचण्या बंद करण्याचे आवाहन केले आणि बलात्काराच्या तक्रारींत होणाऱ्या ‘टू फिंगर टेस्ट’ला, म्हणजे योनीत दोन बोटे घालून केल्या जाणाऱ्या तपासणीला, शास्त्रीय आधार नसल्याचे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पुन्हा ठणकावून सांगितले. एवढे झाल्यावरही आपण कापसाच्या बोटभर सुरळीला घाबरतो, याचे मला नवल वाटते. मात्र काही मुलींत या पटलाच्या मधोमध एक उभा पट्टा असतो. अशा वेळी टॅम्पॉन आत जातो, पण फुगल्यावर बाहेर काढताना अडकतो आणि दुखतो. क्वचित एखादीत पटल पूर्ण बंदच असते. तिला दरमहा पोटात दुखते, पण पाळी मात्र येत नाही. दोन्ही गोष्टी छोट्या शस्त्रक्रियेने बऱ्या होतात. म्हणून जोर लावून काहीही करू नये, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

दुसरी भीती, तो आत हरवेल का? हरवत नाही. योनिमार्गाच्या वरच्या टोकाला गर्भाशयाचे मुख असते आणि त्याचे छिद्र इतके लहान असते की त्यातून टॅम्पॉन पुढे जाणे शक्यच नाही. दोरा आत गेला, तर हात धुवून उकिडवे बसावे, हलका जोर द्यावा आणि बोटांनी चाचपून काढावा. नच मिळाला तर डॉक्टर काही मिनिटांत काढून देतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही, डॉक्टरांच्या दृष्टीने ती नित्याची बाब असते. लघवीला जाताना तो काढावा लागतो का, असेही अनेकजणी विचारतात. लागत नाही, कारण मूत्रमार्ग वेगळा आणि योनिमार्ग वेगळा. दोरा तेवढा बाजूला धरावा. शाळेत शरीररचनेचा धडा आपल्याकडे किती भरभर उरकला जातो, ते या एका प्रश्नावरून कळते.

दुखते का, या प्रश्नाला मात्र सविस्तर उत्तर द्यावे लागते, कारण बहुतेकींचा पहिला प्रयत्न चुकीच्या दिवशी आणि चुकीच्या दिशेने होतो. पाळी संपत आली असताना, जवळजवळ कोरड्या अंगात टॅम्पॉन घातला की तो घालताना खरखरतो आणि काढताना त्याहून अधिक. सुरुवात करायची तर अंगावर जास्त जाते त्या दिवशी, सगळ्यात लहान आकाराचा घेऊन करावी. हात साबणाने धुवावेत, घाई नसलेली वेळ निवडावी, एक पाय स्टुलावर किंवा कमोडच्या झाकणावर ठेवावा आणि टॅम्पॉन सरळ वर न ढकलता कंबरेच्या मागच्या बाजूकडे, म्हणजे माकडहाडाच्या दिशेने तिरका सरकवावा. योनिमार्गाची दिशाच तशी असते. श्वास रोखून धरला की तिथले स्नायू आवळले जातात, म्हणून श्वास सोडताना सरकवावा. नीट बसलेला टॅम्पॉन जाणवत नाही. चालताना टोचत असेल, तर तो पुरेसा आत गेलेला नाही असे समजावे. तो काढून नवा घ्यावा, तोच पुन्हा ढकलू नये. काही टॅम्पॉन पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या नळीसह येतात, काही नुसते बोटाने घालायचे असतात. नवशिकीला नळीचा सोपा वाटतो. घातल्यावर नळी बाहेर काढून टाकायची असते, हे मी मुद्दाम सांगते, कारण तिचे काय करायचे हे न कळल्याने घाबरलेली मुलगी मी पाहिली आहे. दरवेळी असह्य दुखत असेल, किंवा बोटही आत जाऊ शकत नसेल, तर तो हट्टाने शिकायचा विषय नाही, तपासणीचा आहे.

एका काकूंनी मला विचारले होते की, टॅम्पॉन वापरला तर बाहेर काही दिसत नाही, मग देवाच्या खोलीत जायला हरकत नसावी ना? त्याचे उत्तर फार्मसीत मिळत नाही, एवढेच मी त्यांना म्हटले.

आता त्या न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाकडे येते. एक टॅम्पॉन चार ते आठ तासांत बदलावा आणि आठ तासांच्या पुढे कधीही ठेवू नये. फोंड्याहून पणजीला कॉलेजला जाणारी मुलगी सकाळी सात वाजता टॅम्पॉन घालून निघते, दिवसभर स्वच्छ स्वच्छतागृह मिळत नाही आणि संध्याकाळी क्लास आटोपून घरी पोहोचते तेव्हा बारा तास उलटलेले असतात. गळती झाली नाही म्हणून ती खूश असते. गळती झाली नाही म्हणजे बदलायची गरज नाही, हा पॅडचा हिशेब टॅम्पॉनला लावणे हीच खरी धोक्याची जागा आहे.

धोका कशाचा, तर ‘टॉक्सिक शॉक सिंड्रोम’ या आजाराचा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवर असतो. त्याच्या काही जाती एक विष तयार करतात. रक्त शोषून फुगलेला, आपल्याबरोबर हवा आत नेणारा टॅम्पॉन बराच काळ जागच्या जागी राहिला, तर ते विष तयार व्हायला अनुकूल स्थिती मिळते आणि ते रक्तात उतरले की रक्तदाब झपाट्याने घसरतो. अमेरिकेत १९८० साली या आजाराची मोठी लाट आली. तिचा संबंध अतिशोषक टॅम्पॉनशी, विशेषतः ‘रिलाय’ या कृत्रिम द्रव्ये भरलेल्या टॅम्पॉनशी दिसून आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो बाजारातून मागे घेण्यात आला. पुढे १९९० पासून तिथे खोक्यांवर शोषणक्षमता ठरावीक मापाने छापणे बंधनकारक झाले: ‘रेग्युलर’ म्हणजे सहा ते नऊ ग्रॅम, ‘सुपर’ म्हणजे नऊ ते बारा. आपल्याकडे मिळणाऱ्या खोक्यांवर जे थेंबांचे चित्र असते, तेही शोषणक्षमताच दाखवते. जास्त थेंबांचा म्हणजे चांगला, असे समजून तोच मागणाऱ्या गिऱ्हाइकांना मी परत पाठवते. आपल्या स्रावाला पुरेल असा कमीत कमी शोषणक्षमतेचा टॅम्पॉन घ्यावा. चार तासांनी काढताना तो बराचसा कोरडा, पांढरा निघाला, तर आकार एक पायरी खाली आणावा. उलट तासा-दोन तासांत मोठाही भिजून जात असेल, तर मोठ्याहून मोठा शोधत बसण्याऐवजी रक्तस्राव इतका का होतो ते डॉक्टरांना विचारावे.

हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे आणि तो केवळ टॅम्पॉनमुळेच होतो असे नाही. भाजलेल्या किंवा शस्त्रक्रियेच्या जखमेतून पुरुषांना आणि मुलांनाही होतो आणि मेन्स्ट्रुअल कप (पाळीचे रक्त साठवायला योनीत बसवायचा मऊ पेला) वापरणाऱ्या स्त्रियांतही त्याच्या तुरळक नोंदी आहेत. तरीही किशोरवयीन मुलींनी अधिक जपावे, कारण वयाने मोठ्या बहुतेक माणसांच्या रक्तात या विषाविरुद्धची प्रतिपिंडे तयार झालेली असतात, लहान मुलींच्या रक्तात ती असतीलच असे नाही. अचानक १०२ अंशांपर्यंत किंवा त्याहून अधिक ताप, उलट्या, जुलाब, उभे राहताच घेरी, स्नायूंत वेदना आणि उन्हाने भाजल्यासारखी अंगभर लाली ही त्याची लक्षणे. इथे आपल्या गोव्यापुरती एक गोष्ट विशेष सांगायला हवी. पावसाळ्यात ताप आणि अंगावर लाली दिसली की घरचे आणि दवाखान्यातलेही आधी डेंगीचा विचार करतात, आणि तो करायलाच हवा. पण मुलगी पाळीत असेल आणि तिने टॅम्पॉन घातलेला असेल, तर तो ताबडतोब काढावा, तिला तडक इस्पितळात न्यावे आणि ही गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी त्यांना सांगावी. वडील सोबत आहेत म्हणून मुलीने गप्प बसणे परवडणारे नाही. हा आजार एकदा होऊन गेला असेल, तर टॅम्पॉन पुन्हा वापरू नये.

बाकीचे नियम याच एका नियमातून निघतात. रात्री आठ तासांहून अधिक झोपण्याची सवय असेल तर पॅड लावावा. पाळी नसताना, अंगावरून पांढरे जाते म्हणून टॅम्पॉन घालू नये. बाळंतपणानंतर पहिले सहा आठवडे आणि योनीत औषधाची गोळी ठेवण्याचा उपचार चालू असताना तो टाळावा. शेवटच्या दिवशी शेवटचा टॅम्पॉन काढायला विसरणे, किंवा एक आत असताना दुसरा घालणे, हे वाटते तितके दुर्मीळ नाही. काही दिवसांनी घाण वास आणि तपकिरी स्राव सुरू झाला तर आधी तीच शंका घ्यावी. सुगंधी टॅम्पॉन घेऊ नयेत. तिथे सुगंधाची गरज नसते, उलट आग होऊ शकते.

पोहणाऱ्या मुलींसाठी थोडे वेगळे. पाण्यात उतरल्यावर पाळी थांबते, हा समज खोटा आहे. पाण्याच्या दाबाने स्राव बाहेर येणे तात्पुरते कमी होते, इतकेच. टॅम्पॉन घालून मिरामारच्या समुद्रात किंवा तरणतलावात पोहता येते, मात्र उतरण्यापूर्वी नवा घालावा आणि बाहेर आल्यावर लगेच बदलावा, कारण दोऱ्यावाटे थोडे पाणी आत शोषले जाते.

जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी १४ ब्रँडच्या ३० टॅम्पॉनमध्ये शिसे, आर्सेनिक अशा धातूंचे अंश आढळल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्याविषयीही विचारणा होते. टॅम्पॉनमध्ये धातू आढळणे आणि ते शरीरात शोषले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या अभ्यासात दुसरी तपासलेली नव्हती. ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांनी खुशाल पॅड किंवा कप वापरावा. टॅम्पॉन वापरलाच पाहिजे असे माझे अजिबात म्हणणे नाही.

वापरलेला टॅम्पॉन संडासात टाकून पाणी सोडू नये. आपल्या गावांत सेप्टिक टँक असतात. कापूस तिथे फुगून बसतो आणि मग टँक उपसायला बोलवावे लागते. तो कागदात नीट गुंडाळून, इतर कचऱ्यापासून वेगळा द्यायचा असतो. आता तो गुंडाळून टाकायचा कुठे, हा प्रश्न घराबाहेर पडल्यावर येतो. मी पाहिलेल्या एका तरणतलावाच्या मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत झाकणाची साधी बादलीसुद्धा नव्हती. मुली वापरलेला टॅम्पॉन पिशवीत बांधून घरी नेत होत्या, किंवा बदलतच नव्हत्या. तिथे पोहण्याचे शुल्क मात्र नियमित घेतले जात होते.

शिक्षण खात्याने शाळांतल्या पाळीविषयक व्याख्यानांत पॅडच्या जोडीने टॅम्पॉन आणि कप यांचीही माहिती द्यावी आणि तरणतलाव, बसस्थानके, महाविद्यालये येथील स्त्रियांच्या स्वच्छतागृहांत झाकणाची कचरापेटी, पाणी आणि साबण असावा, अशी माझी मागणी आहे. आम्हा औषधविक्रेत्यांनीही खोके देताना ‘आठ तासांच्या आत बदला’ एवढे तरी तोंडाने सांगावे. आणि आपल्याला विनंती अशी की, पुरवणीत या विषयाला आकृतीसह अर्धे पान मराठीत द्यावे. छापून आले की मी ते कापून काउंटरच्या काचेखाली ठेवीन, म्हणजे विचारायला संकोच वाटणाऱ्या मुलीला उभ्या-उभ्या वाचता येईल.

आपली विश्वासू,
एक औषधविक्रेती,
फोंडा, गोवा