चपलेला पट्टा लावून आणणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

'स.न.वि.वि.' असं लिहिलं होतं, ते खोडलं. तोंडावर आभार मानायला गेले की माझा गळा दाटतो आणि तुम्ही लगेच "काकू, पाय उचला बघू" म्हणून विषय बदलता. म्हणून कागदावर. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

२२ वर्षं मी ओट्यापाशी उभी आहे. दिवसाला दीडशे पोळ्या, सणावाराला दोनशेच्या वर. कंबर दुखते हे मी कधी दुखणं धरलंच नव्हतं. पण गेल्या पावसाळ्यात कुल्ल्यातून निघालेली कळ पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पार डाव्या अंगठ्यापर्यंत जायला लागली. शिंक आली तरी डोळ्यापुढे काजवे. मग दवाखाने सुरू झाले. पहिल्या डॉक्टरांनी "वय झालं, वजन कमी करा" म्हणून कमरेचा पट्टा दिला. दुसऱ्यांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली, मणक्यातली गादी सरकून नस दबली आहे म्हणाले, पण मी समोर बसले होते, मला हात लावला नाही. तिसऱ्या ठिकाणी दहा दिवस कंबर ताणायचे पैसे आधीच भरून घेतले. तिन्ही ठिकाणी मी एक गोष्ट सांगितली, की डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटते आणि मला कळतच नाही. एकजण हसून म्हणाले, "काकू, मग नवी घ्या." बाहेर बसलेले लोकही हसले.

आणि खरं सांगू, मी घेतली नवी. चप्पल लाईनीत जाऊन एक नंबर लहान. चार दिवसांत अंगठ्यावर फोड आला तोही मला कळला नाही, मुलीने बघितला. कोल्हापुरीला मागे पट्टा नसतो. ती पायात राहते ती अंगठ्याच्या जोरावर. माझ्या अंगठ्यातला जोरच गेला होता आणि मी चपलेला दोष देत होते. त्याच सुमारास कळ जरा कमी झाली म्हणून अंबाबाईला ओटीसुद्धा भरून आले.

तुमच्याकडे मी व्यायाम शिकायला आले होते. मी दारातून खुर्चीपर्यंत येईतो तुम्ही माझ्या पायांकडेच बघत होतात. फिल्मची पिशवी पुढे केली तर म्हणालात, "ती नंतर. अंगठा वर घ्या, मी दाबते, दाबू देऊ नका." उजव्याने तुमच्या बोटाला दाद दिली नाही. डावा उचललाच गेला नाही. मग तुम्ही सरळ विचारलंत, लघवी झालेली कळते का, बसायची जागा बधिर वाटते का. असलं आम्ही घरात नवऱ्याशीही बोलत नाही. तुम्ही भाजीचा भाव विचारावा तसं विचारलंत, आणि वर बजावलंत, की तसं झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. कळ कमी होऊन पाय लुळा पडत असेल तर ते बरं होणं नव्हे, हेही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्या दिवशी तुम्ही मला व्यायाम दिला नाहीत. पैसेही घेतले नाहीत. चिठ्ठी लिहून म्हणालात, "आधी सर्जन. उद्याच." आपल्या दारात आलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवणं काय असतं ते मला धंदेवालीला विचारा.

ऑपरेशनचं काय सांगायचं? भूल दिली, जाग आली तेव्हा पायातली कळ नव्हती. सर्जनसाहेबांचे हात सोन्याचे, त्यांचे आभार वेगळे मानले आहेत. दुसऱ्या दिवशी उभं केलं, तिसऱ्या दिवशी घरी. रिक्षावाल्या दादांनी गंगावेशीपासून घरापर्यंत एकेक स्पीडब्रेकर असा ओलांडला, की जणू मागे दह्याचं भांडं ठेवलंय. न सांगता! मागचे हॉर्न वाजवत होते तरी.

घरी आलात तेव्हा पायपुसणी उचलून ठेवायला लावलीत, ओंडक्यासारखं कुशीवर वळून उठायला शिकवलंत. बूट घाला म्हणालात. मी म्हटलं, साडीवर बूट मी घालणार नाही, या वयात सोंग नको. तुम्ही वाद घातला नाहीत. त्या संध्याकाळपासून माझी जुनी चप्पल गायब. सुनेला बोलले, शेजारच्या कुत्र्यावर आळ घेतला. (दोघांचीही माफी मागून झाली आहे.) तिसऱ्या दिवशी तुम्ही पिशवीतून जोड काढलात. दोन्हींना मागून पट्टा. बक्कल नाही, इलास्टिक, म्हणजे वाकायला नको, पाय नुसता सरकवायचा. मी विचारलं, डावीला पुरे होता, दोन्हींना कशाला? तर म्हणालात, "एकीलाच लावला तर ती चप्पल आजारी दिसेल."

तुम्ही गेल्यावर मी चप्पल मांडीवर घेऊन बराच वेळ रडले. यांना वाटलं टाका दुखतोय.

आणखी एक. किती झाले विचारलं तर "छे छे, राहू द्या" नाही म्हणालात. "ऐंशी रुपये, सुटे द्या" म्हणालात. आजारी माणसाकडे लोक दोनच प्रकारे बघतात, एकतर लुटायचं नाहीतर कीव करायची. त्या ऐंशी रुपयांनी मला पुन्हा माणसांत आणून बसवलं. चांगुलपणाला फार मोठं मन लागतं असं म्हणतात. मला वाटतं नजर लागते. ज्यांनी मला परत पाठवलं ते वाईट नव्हते, त्यांनी खाली बघितलं नाही इतकंच. तरी "नवी घ्या" म्हणणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

तुम्ही म्हणालात, नस भरून येते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर. म्हणजे फुलक्याच्या जाडीइतकी. तेवढा धीर माझ्या हाताला आहे. आज सहावा आठवडा. परवा अंगठा हलला, वर आला म्हणवत नाही, पण हलला. सुनेने शपथ घेऊन सांगितलं.

मंगळवारी तुम्ही येऊ नका, मीच चालत येते. हाताची खुर्ची तेवढी मोकळी ठेवा. पोळ्या आणणार नाही, लाटायला तुमचीच बंदी आहे.

तुमची,
पट्टेवाली काकू